पडद्यावरचा उतार आणि गतीचे नियम

रायगड जिल्ह्यातल्या थळ गावात बर्फ पडत नाही. अलिबागच्या उत्तरेला समुद्रालगत वसलेल्या या गावात थंडी येते ती पहाटेपुरती. गावाशेजारच्या खत कारखान्यात अमोनिया तयार होतो. साध्या वातावरणीय दाबाखाली तो द्रवरूपात ठेवायचा तर उणे ३३ अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणजे गोठवणारी थंडी या परिसराला अगदीच परकी नाही, पण ती टाकीच्या आत असते. डोंगरउतारावर पसरलेला बर्फ इथल्या मुलाने पाहिलेला असतो तो पडद्यावर. त्या पडद्यावरच्या बर्फावरून घसरण्याची सोय प्रथम केली ती दूरदर्शन संचाला जोडायच्या व्हिडिओ गेमनी. त्यांतल्या एका छोट्या प्रकाराचे, स्नोबोर्डिंगच्या जुन्या खेळांचे, परीक्षण आम्ही या लेखात करणार आहोत.

स्नोबोर्ड म्हणजे एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचे, उंचवट्यावरून उडी मारायची, हवेत गिरक्या घ्यायच्या आणि पुन्हा उतारावर उतरायचे. १९९८ साली जपानमधल्या नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा प्रथमच समावेश झाला. त्याच्या मागेपुढे या विषयावरचे व्हिडिओ गेम मोठ्या संख्येने निघाले.

विज्ञानविषयक मासिकात खेळांचे परीक्षण कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे की या खेळांबद्दल शिक्षकांमध्ये दोन मते ऐकू येतात आणि दोन्ही न तपासता मांडलेली असतात. एक मत असे, की हा सगळा वेळेचा अपव्यय आहे आणि त्यातून मुलाच्या मनात गतीविषयी चुकीच्या कल्पना भरतात. दुसरे मत असे, की खेळता खेळता मूल भौतिकशास्त्र आपोआप शिकते. पहिले मत मांडणाऱ्याने नेमकी कोणती कल्पना चुकीची ते सांगितले पाहिजे. दुसरे मत मांडणाऱ्याने कोणता नियम शिकला जातो ते दाखवले पाहिजे. आम्ही दोन्ही गोष्टी करून पाहणार आहोत. त्यासाठी यंत्र आतून काय करते, इथून सुरुवात करू.

बेरीज करणारा उतार

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जे ‘टीव्ही गेम’ आले, त्यांतले पुष्कळसे निन्टेंडोच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. त्यांत घालायच्या ठोकळ्याला मुले ‘कॅसेट’ म्हणत, जरी तिच्यात फीत नसे. मूळ यंत्रात आठ बिटांचा प्रक्रियक होता आणि कामासाठी स्मृती होती फक्त २ किलोबाइट. त्या प्रक्रियकाला बेरीज आणि वजाबाकी येई. गुणाकार आणि भागाकार यांसाठी त्याच्याकडे आज्ञाच नव्हती. बर्फावरच्या खेळांची परंपरा याहूनही जुनी आहे. अटारीच्या यंत्रावर १९८० सालीच ‘स्कीइंग’ नावाचा खेळ आला होता. निन्टेंडोच्या या यंत्रावर १९९१ साली आलेल्या ‘स्की ऑर डाय’मध्ये स्नोबोर्डची एक स्पर्धाही होती.

गुणाकार न येणाऱ्या यंत्राने उतारावरची वाढती गती कशी दाखवायची? युक्ती सोपी आहे. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ठराविक वेळा नव्याने काढले जाते. दर चित्रागणिक वेगात एक ठराविक संख्या मिळवायची आणि मग तो वेग स्थानात मिळवायचा. वेगात दर वेळी १ मिळवला तर वेग होतो १, २, ३, ४ आणि कापलेले एकूण अंतर होते १, ३, ६, १०.

इथे शिक्षकांनी फळ्याकडे वळावे. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून समान कालखंडांत कापलेली अंतरे मोजली आणि ती १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात असे १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. एकूण अंतर म्हणजे १, ४, ९, १६: काळाच्या वर्गाच्या प्रमाणात. यंत्राची १, ३, ६, १० ही मालिका यात बसत नाही. मग यंत्र चुकले काय? त्वरण १ धरून गॅलिलिओच्या नियमाने येणारे अंतर आहे अर्धा, २, साडेचार, ८. यंत्राचे उत्तर पहिल्या चित्राला दुप्पट आहे. दहाव्या चित्राला ५० ऐवजी ५५ येते, म्हणजे फरक १० टक्के. साठाव्या चित्राला १८०० ऐवजी १८३० येते. फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत. जितकी चित्रे अधिक, तितकी चूक छोटी. अकरावी-बारावीला शिकवताना ‘कालखंड लहान लहान करत गेल्यास’ हे वाक्य आपण उच्चारतो, त्याचा याहून सोपा नमुना आम्हाला सुचत नाही. आलेखाच्या कागदावर सातवीचे मूलही तो काढू शकेल.

याच हिशेबातून एक गंमत निघते. अमेरिका आणि जपानमधल्या दूरदर्शन पद्धतीत पडदा सेकंदाला ६० वेळा रेखला जाई. भारतातल्या ‘पाल’ पद्धतीत ५० वेळा. सेकंदाला ६० चित्रे धरून लिहिलेला खेळ तसाच ५० चित्रांच्या यंत्रावर चालवला तर काय होईल? ३० चित्रांत संपणारी उडी तिकडे अर्ध्या सेकंदात संपेल, इकडे ०.६ सेकंद घेईल. उडीची उंची मात्र पडद्यावर तितकीच राहील, कारण चित्रांची संख्या तीच आहे. तितक्याच उंचीला अधिक वेळ लागतो म्हणजे गुरुत्वत्वरण कमी झाले. किती कमी? पाच षष्ठांशाचा वर्ग करा: ०.६९. म्हणजे या पडद्यावरचे गुरुत्वाकर्षण सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. त्वरणाच्या एककात सेकंदाचा वर्ग का असतो, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण द्यावे. या यंत्राला सेकंद ठाऊकच नाही, त्याला फक्त चित्रांची मोजणी ठाऊक आहे.

दिसायला खरा, गिरकीत खोटा

१९९६ साली सोनीच्या प्लेस्टेशनवर ‘कूल बोर्डर्स’ आला आणि स्नोबोर्डिंगचा त्रिमितीय खेळ घराघरांत पोचला. फेब्रुवारी १९९८ मध्ये, म्हणजे नागानो ऑलिंपिकच्याच महिन्यात, जपानमध्ये निन्टेंडो ६४ या यंत्रावर ‘१०८० स्नोबोर्डिंग’ प्रसिद्ध झाला. जाइल्स गॉडर्ड आणि कॉलिन रीड यांनी त्याची आज्ञावली लिहिली. नावातला आकडा अंशांचा आहे: तीन पूर्ण गिरक्या म्हणजे १०८० अंश.

हा खेळ वास्तवाशी प्रामाणिक म्हणून वाखाणला गेला आणि त्या स्तुतीला आधार आहे. उतार बदलला की खेळाडूचे शरीर त्याप्रमाणे कलते. वळताना फळीची कड बर्फात रुतते आणि वेग जातो. उडी संपताना फळी उताराशी जुळवून घेतली नाही तर खेळाडू कोलमडतो. उताराला समांतर उतरले की धक्का कमी का बसतो, हे सदिशांच्या धड्यातले उदाहरण आहे: वेगाचा उताराला लंब असलेला घटक जितका छोटा, तितका धक्का छोटा. ज्या मुलाने हे खेळून शंभरदा पाहिले आहे त्याला घटकांचे विभाजन शिकवताना निम्मे काम झालेले असते.

दोष आहे तो गिरकीत. या खेळात खेळाडू आधी उडतो आणि मग, हवेत असताना, हातातल्या यंत्राची छोटी काठी गोल फिरवून त्याला गिरकी घ्यायला लावायची असते. जितकी अधिक फिरवाल तितकी मोठी गिरकी. निसर्गात हे चालत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यावर गुरुत्वाकर्षण शरीराच्या वस्तुमानकेंद्रातून ओढते, त्यामुळे शरीराला फिरवणारे आघूर्ण त्यातून मिळत नाही. हवेचा रेटा या बाबतीत नगण्य. बाह्य आघूर्ण नाही म्हणजे कोनीय संवेग बदलत नाही. जो काही कोनीय संवेग हवा असेल तो जमिनीवर असतानाच, बर्फाला रेटा देऊन, कमवावा लागतो. हवेत गेल्यावर हात जवळ घेऊन गिरकी जलद करता येते, हात पसरून मंद करता येते; नव्याने सुरू करता येत नाही.

इथे एखादा चौकस विद्यार्थी मांजराचे उदाहरण काढेल आणि त्याने ते काढावेच. उलटे सोडलेले मांजर फिरून पायांवर उतरते. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली याची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली तेव्हा शास्त्रज्ञही गोंधळले होते. उत्तर असे, की मांजर शरीराचा पुढचा आणि मागचा भाग आळीपाळीने आखडून आणि ताणून एकमेकांविरुद्ध फिरवते. एकूण कोनीय संवेग शून्यच राहतो, पण शरीराची दिशा बदलते. माणसालाही हे थोडेफार जमते. मात्र या युक्तीने दीडेक सेकंदात तीन पूर्ण गिरक्या होणे नाही. दीड सेकंद हवेत राहायचे तर, सुटण्याची आणि उतरण्याची पातळी एकच धरल्यास, सुमारे पावणेतीन मीटर उंच उडावे लागते. तेवढ्या वेळात तीन गिरक्या म्हणजे सेकंदाला दोन. हा वेग पाय सुटण्यापूर्वीच शरीरात असला पाहिजे.

भडक खेळातले खरे कारण

याच्या उलट स्वभावाचा खेळ म्हणजे ‘एसएसएक्स’. कॅनडातल्या ईए संस्थेच्या शाखेने तो तयार केला आणि ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन २ बाजारात आले त्याच वेळी तो आला. पुढच्याच वर्षी त्याची ‘एसएसएक्स ट्रिकी’ ही सुधारित आवृत्ती निघाली. या खेळात वास्तवाची फिकीर कोणी केलेली दिसत नाही. उड्या अशक्य लांबीच्या, रंग जत्रेतल्यासारखे, खेळाडू हवेत फळी पायातून काढून पुन्हा घालणारे. गंभीर माणसाने पहिल्या नजरेत नाक मुरडावे असा सगळा थाट.

पण गिरकी कशी घ्यायची ते पाहा. उडीच्या आधी बटण दाबून खेळाडूला खाली बसवायचे. तो बर्फावर असतानाच ज्या दिशेने फिरायचे त्या दिशेची कळ दाबून धरायची, म्हणजे तो शरीराला पीळ देतो. आणि उंचवट्याच्या कडेवर बटण सोडायचे. पीळ जितका आधी आणि जितका पुरता, तितकी गिरकी जोरदार. पीळ न देता उडालेला खेळाडू हवेत कितीही कळा दाबल्या तरी त्या जोराने फिरत नाही. ज्या खेळाला सर्वांनी थिल्लर म्हटले त्याने कोनीय संवेग कुठे कमवावा लागतो ते बरोबर सांगितले; ज्याला वास्तववादी म्हटले त्याने ते चुकीचे सांगितले.

म्हणून ‘एसएसएक्स’ला निर्दोष म्हणता येत नाही. त्यात पडद्याच्या कडेला एक नळी असते. हवेत कसरती केल्या की ती भरते आणि भरलेली नळी वापरली की खेळाडूचा वेग वाढतो. ही ऊर्जा आली कुठून? उतारावरून येणाऱ्या माणसाजवळ ऊर्जेचा साठा एकच: उंची. स्थिर अवस्थेतून निघून २० मीटर उंची उतरला, घर्षण आणि हवेचा विरोध अजिबात नाही असे धरले, तरी त्याचा वेग ताशी ७१ किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. कसरत केल्याने त्यात भर पडत नाही. ‘१०८०’मध्ये अशी नळी नाही, तिथे वेग उताराकडूनच घ्यावा लागतो. थोडक्यात, एका खेळाने ऊर्जेचा हिशेब पाळला आणि कोनीय संवेगाचा मोडला, दुसऱ्याने कोनीय संवेगाचा पाळला आणि ऊर्जेचा मोडला.

दोन्ही खेळांत एक दोष समान आहे आणि तो आम्हाला अधिक गंभीर वाटतो. खेळाडू निवडताना प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे गुण दाखवलेले असतात आणि त्यांत ‘वेग’ हा एक गुण असतो. याचा वेग जास्त, त्याचा कमी. निसर्गात वेग हा कोणाचा गुण नसतो. २० अंशांच्या उतारावर, बर्फाचा घर्षणांक ०.०५ धरला तर, त्वरण सुमारे २.९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते आणि या सूत्रात माणसाचे वस्तुमान येतच नाही. वेग वाढत जातो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि दोन्ही बले समान झाली की वेग स्थिरावतो. ८० किलोग्रॅमच्या, किंचित वाकून उभ्या असलेल्या माणसासाठी हा अंतिम वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास निघतो. तो उतार, बर्फ, हवा आणि शरीराचा आकार यांच्या ओढाताणीतून निघतो. खेळात ही ओढाताण दिसत नाही; तयार उत्तर माणसाच्या नावावर मांडलेले असते. ‘जड वस्तू लवकर पडते, कारण ती जड आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाची विचारपद्धती हीच.

न बदलणारा बर्फ

या खेळांतला बर्फ कितीही वेळा त्यावरून गेले तरी तोच राहतो. खरा बर्फ दिवसभरात बदलतो: पहाटे कडक, दुपारी ओला, संध्याकाळी पुन्हा गोठलेला. स्पर्धेच्या मार्गावरचा ओला बर्फ टणक करण्यासाठी त्यावर मीठ किंवा खताची रसायने पसरतात आणि त्यांत युरियाही असतो. थळच्या कारखान्यात अमोनियापासून जे खत तयार होते तेच हे. युरिया विरघळताना उष्णता शोषतो. थोडा बर्फ वितळतो, त्यालाही उष्णता लागते. ती भोवतालच्या ओल्या बर्फातून घेतली जाते, तो थंड होतो आणि त्यातले पाणी गोठून कण एकमेकांना घट्ट चिकटतात. यातला पहिला टप्पा कोणत्याही शाळेत दाखवता येतो. पेलाभर पाण्यात तापमापी ठेवून चारपाच चमचे युरिया ढवळावा आणि पारा खाली जाताना मुलांना वाचायला सांगावा. पाणी नंतर झाडांना घालावे. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलांना बर्फाबद्दल काही खरे कळण्याची ही एक वाट आहे आणि ती पडद्यावरून जात नाही.

वाळूवरची पडताळणी

थळच्या किनाऱ्यावर शाळेतल्या मुलांबरोबर आम्ही दोन साधे प्रयोग करून पाहिले. त्यांना उपकरणे लागत नाहीत म्हणून इथे देत आहोत.

पहिला गिरकीचा. मऊ वाळूवर उभे राहून सरळ वर उडी मारायची, पाय सुटेपर्यंत अंग अजिबात वळवायचे नाही आणि वर गेल्यावर वळण्याचा प्रयत्न करायचा. खांदे उजवीकडे जातात, कंबर आणि पाय डावीकडे. उतरताना माणूस जवळपास होता त्याच दिशेला तोंड करून असतो. मग आधी गुडघे वाकवून, खांद्यांना पीळ देऊन, वाळूला रेटा देत उडायचे. आता अर्धी गिरकी सहज होते. चारपाच उड्यांनंतर एक मुलगी म्हणाली, “सर, वर गेल्यावर काही करता येत नाही. ठरवायचं ते खालीच ठरवायचं.” कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचे याहून नेटके मराठी विधान आम्हाला पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही. जुना खेळ खेळलेली दोन मुले तिथेच वाद घालू लागली, की मग पडद्यावर वर गेल्यावर कसे जमते. हा वाद त्यांनी स्वतः काढला हे महत्त्वाचे.

दुसरा प्रयोग घर्षणाचा. या भागातल्या वाड्यांतून पोफळीची विरी, म्हणजे गळून पडलेल्या झावळीचा देठाकडचा रुंद, चिवट भाग, हवी तितकी मिळते. तिच्यावर एकाला बसवून दुसऱ्याने ओढायचे हा कोकणातल्या मुलांचा जुना खेळ. विरी हा त्यांचा स्नोबोर्डच, फक्त ओढावा लागतो. का ओढावा लागतो? एका फळीवर वाळू पसरून चिकटवावी, तिच्यावर विरीचा तुकडा वजन ठेवून मांडावा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. तुकडा ज्या कोनाला निसटतो त्या कोनाची टँजंट म्हणजे स्थितिक घर्षणांक. १० अंशांना ०.१८, २० अंशांना ०.३६, २७ अंशांना ०.५१. बर्फाच्या ०.०५ साठी ३ अंशांचा उतारही पुरतो. समुद्रकिनाऱ्याचा उतार इतका मंद, की वाळूवर विरी आपणहून घसरायची नाही. हीच फळी नंतर गुळगुळीत पत्र्याने मढवावी, ओली करावी, साबण लावावा आणि कोन पुन्हा मोजावा. मोजलेले आकडे मुलांनी वहीत लिहावेत. आमच्या आकड्यांवर विसंबू नये.

आकडा आणि कारण

या खेळांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप अतिशयोक्तीचा असतो: माणूस इतका फिरेल काय? या आक्षेपाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९८ साली १०८० अंश हा खेळाच्या नावात मिरवावा इतका मोठा आकडा होता. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये चीनच्या सू यिमिंगने १८०० अंशांच्या, म्हणजे पाच गिरक्यांच्या, उड्यांवर ‘बिग एअर’चे सुवर्णपदक मिळवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन येथे जपानच्या हिरोतो ओगिवाराने २३४० अंश, म्हणजे साडेसहा गिरक्या, पूर्ण केल्या. अडीच सेकंद हवेत मिळाले असे धरले तरी सेकंदाला अडीचहून अधिक गिरक्या होतात. खेळांनी फुगवलेला आकडा वास्तवाने गाठला आणि मागे टाकला.

हे खेळाडू कोणत्या मार्गाने तिथे पोचले? उंचवटे मोठे झाले, हवेतला वेळ वाढला, उडण्याच्या क्षणी बर्फाला रेटा देण्याचे तंत्र सुधारले, हवेत शरीर आखडून घेण्याचा सराव झाला. हवेत गेल्यावर काठी फिरवण्याचा मार्ग कोणालाच सापडलेला नाही आणि सापडणार नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की पडद्यावरचा आकडा मोठा आहे की छोटा यावरून त्याला खोटे ठरवू नये. आकडा उद्या खरा होऊ शकतो. चुकीचे कारण खरे होत नाही.

वर्गातल्या पडद्याला तेच प्रश्न

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या खेळांवर इतकी शाई खर्च करण्याचे कारण आजच्या वर्गात आहे. आता अनेक शाळांत पडदे आले आहेत आणि त्यांवर ‘आभासी प्रयोग’ दाखवले जातात. गाडा उतारावरून येतो, लंबक झुलतो, दोन द्रव मिसळून रंग बदलतो. प्रयोगशाळेतली कपाटे बंद ठेवून हे दाखवणे सोयीचे असते आणि ते पाहून मुलांनी ‘प्रयोग केला’ असे वहीत लिहिण्याची प्रथा पडू लागली आहे. खेळ निदान आपण खेळ आहोत असे सांगतो. आभासी प्रयोग आपण निसर्ग आहोत असे भासवतो. त्याच्या आतही कोणीतरी लिहिलेली बेरीजच असते. लिहिणाऱ्याने जो नियम घातला तोच बाहेर येणार. निसर्गाने ‘नाही’ म्हणण्याची सोय तिथे नाही.

सगळे आभासी प्रयोग टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणत नाही. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांच्या पुढाकाराने २००२ साली ‘फेट’ प्रकल्प सुरू झाला. त्यात स्केटबोर्डवरून वक्र मार्गावर घसरणाऱ्या मुलाचा एक नमुना आहे. दिसायला तो आमच्या खेळांचाच चुलतभाऊ. पण त्यात घर्षण कमीजास्त करता येते, वस्तुमान बदलता येते आणि स्थितिज, गतिज व उष्णतेच्या रूपातली ऊर्जा शेजारी स्तंभांनी दाखवलेली असते. एक स्तंभ घटला की दुसरा वाढतो आणि बेरीज कायम राहते. हिशेब उघडा ठेवलेला आहे. ‘एसएसएक्स’च्या नळीत आणि या स्तंभांत फरक आहे तो हाच. तरीही विरीचा कोन मोजण्याचे काम हा नमुना करू शकत नाही, कारण विरी त्यात नाही.

तेव्हा पडद्यावर काहीही हलताना दिसले, खेळ असो की पाठ, की विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. हे घडण्याचे कारण केव्हा आणि कुठे घडले? जे वाढले ते कशातून आले? आणि खऱ्या जगात बदलणारी कोणती गोष्ट इथे स्थिर धरली आहे? पहिल्या प्रश्नात ‘१०८०’ नापास होतो, दुसऱ्यात ‘एसएसएक्स’, तिसऱ्यात दोघेही. इतके असूनही हे दोन्ही खेळ आम्ही मुलांच्या हातून काढून घेणार नाही. जे मूल ते मनापासून खेळले आहे, त्याच्याजवळ वर्गात विचारायला खरा प्रश्न असतो. तो प्रश्न घेऊन त्याला वाळूवर न्यावे, उडी मारायला लावावी, कोन मोजायला लावावा आणि मग पुन्हा पडद्यासमोर बसवावे. त्या वेळी तो खेळाचे परीक्षण आमच्यापेक्षा चांगले करील.